टनभर क्लोरीन आणि तीन व्होल्ट

निसर्गात क्लोरीन मोकळा सापडत नाही. मिठात तो सोडियमशी घट्ट बांधलेला असतो. तो सोडवण्याचे काम कारखान्यात वीज करते. मिठाच्या शुद्ध द्रावणातून एकदिश प्रवाह सोडला की धनाग्रावर क्लोरीन निघतो, ऋणाग्रावर हायड्रोजन, आणि द्रावणात कॉस्टिक सोडा तयार होतो. एक टन क्लोरीनमागे सुमारे १.१ टन कॉस्टिक सोडा आणि २८ किलो हायड्रोजन मिळतो. एक हवे म्हणून दुसरे टाळता येत नाही. भारतात तर अनेकदा कॉस्टिक सोड्याला मागणी असते आणि क्लोरीनसाठी गिऱ्हाईक शोधावे लागते.

या उद्योगाची वीज कशी वाचते, हे फॅरेडेच्या नियमावरून कळते. एक टन क्लोरीनसाठी सुमारे ७ लाख ५६ हजार अँपिअर-तास विद्युतभार लागतोच. त्यात काटकसरीला जागा नाही. वाचवता येतात ते फक्त व्होल्ट. सिद्धांतानुसार सुमारे २.२ व्होल्ट पुरतात, पण द्रावणाचा आणि दोन विद्युताग्रांमधल्या पडद्याचा रोध, शिवाय विद्युताग्रांवर वायू सुटताना लागणारा जादा विद्युतदाब मिळून आज प्रत्यक्षात सुमारे ३ व्होल्ट लागतात. म्हणजे टनामागे जवळपास २,२७० युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला एवढी वीज पावणेदोन वर्षांहून अधिक काळ पुरेल. व्होल्टेज नुसते ०.१ ने उतरले, तरी टनामागे ७५ युनिट वाचतात.

१८९० च्या दशकात कास्टनर आणि केलनर यांच्या पाऱ्याच्या सेलने शुद्ध कॉस्टिक सोडा दिला, पण त्याला ४ व्होल्टच्या आसपास दाब लागे आणि पारा परिसरात झिरपे. मिनामाता इथल्या पाऱ्याच्या विषबाधेनंतर जपानने १९७० च्या दशकात हे सेल हटवायला घेतले. युरोपीय संघात ते २०१७ अखेर बंद झाले. अॅस्बेस्टॉसच्या डायफ्रॅम सेलला वीज कमी लागे, मात्र त्यातला पातळ कॉस्टिक सोडा घट्ट करायला भरपूर वाफ जाळावी लागे. आज नव्या कारखान्यांत मेम्ब्रेन सेलच बसतो. त्याचा पडदा सोडियमचे आयन पलीकडे जाऊ देतो, क्लोराइडला अडवतो. तो फार नाजूक असतो: द्रावणात कॅल्शियम-मॅग्नेशियम अब्जात काही दशक भागांपेक्षा जास्त राहिले, तर पडद्यात क्षार साचतात आणि व्होल्टेज चढते. म्हणून मिठाच्या शुद्धीकरणात केलेली हयगय थेट वीजबिलात दिसते.

ऋणाग्राला ऑक्सिजन पुरवला तर हायड्रोजन तयारच होत नाही आणि सुमारे ३० टक्के वीज वाचू शकते. पण मग ते २८ किलो हायड्रोजनही हातचे जातात. त्यामुळे ज्या कारखान्यात हायड्रोजनला चांगला उपयोग नाही, तिथेच हा मार्ग परवडतो.