व्हीएचएसवरून डीव्हीडीवर : आधी एवढं पाहा

● फीत : कॅसेटचं झाकण उचलून पाहा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती चालवू नका. व्हीसीआरच्या हेडला लागून बुरशी पुढच्या कॅसेटवरही जाते.

● जोडणी : पिवळी पिन चित्राची, पांढरी व लाल आवाजाची. व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये कॅप्चर कार्ड किंवा यूएसबी कॅप्चर उपकरण हवंच.

● सेटिंग : भारतातलं चित्रीकरण पाल पद्धतीचं : ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट बहुधा एनटीएससी : ७२० × ४८०, २९.९७ फ्रेम. त्यासाठी व्हीसीआरही ती पद्धत चालवणारा लागतो.

● वेळ : तीन तासांच्या कॅसेटला पूर्ण तीन तास.

● जागा : डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी. एमपेग-२ केल्यावर ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास नीट बसतात. जास्त कोंबलं की हलत्या दृश्यांत चौकोन दिसू लागतात.

● नंतर : डिस्कवर ओरखडे पडतात, म्हणून फाइलची प्रत हार्ड डिस्कवर ठेवा. मूळ कॅसेटही टाकू नका.

जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. चालू यंत्रं कमी होत आहेत. लग्न-मुंजीच्या कॅसेटी यंदाच उतरवून घ्या.