ह्यू हर्लंडचं छप्पर

संपादकांनी ब्रिटिश पार्लमेंटवर लिहायला सांगितलं होतं. पण वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शिरलो, मान वर केली आणि राजकारण दारातच राहिलं.

हॉल अकराव्या शतकातला. 1393मध्ये दुसऱ्या रिचर्डनं त्यावर नवं छप्पर घालायला काढलं. दगडकाम हेन्री येव्हेलकडे, लाकूडकाम ह्यू हर्लंडकडे. हर्लंड राजाचा मुख्य सुतार होऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

भिंतींमधलं अंतर जवळजवळ 21 मीटर. एवढी लांब तुळई देणारा ओक आणायचा कुठून? हर्लंडनं दोन्ही भिंतींतून आखूड तुळया पुढे काढल्या, त्यांना खालून बाकदार टेकू दिले, टोकांवर खांब उभे केले आणि या सगळ्यातून भलीमोठी लाकडी कमान फिरवली. त्या तुळयांच्या टोकांना देवदूत कोरलेत. मी बराच वेळ देवदूतांकडेच बघत होतो. भार कुठून कुठे उतरतो ते नंतर शोधायला लागलो. सापडलं नाही.

घडाई लंडनपासून दूर, फार्नहॅमजवळ झाली. तिथं घडवलेलं लाकूड गाड्यांनी थेम्सपर्यंत आणि पुढे होड्यांनी हॉलपाशी. सुमारे 660 टन. त्या काळचे सुतार ओला ओकच वापरत: वाळला की तो पटाशीला दाद देत नाही. कूस खाचेत बसवायची, पण खुंटीची भोकं मुद्दाम किंचित चुकवायची. खुंटी ठोकली की ती सांधा आवळून घेते. खिळा नको, सरस नको.

ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या रिचर्डची पदच्युती 1399 साली याच हॉलमध्ये झाली.

छपराला राजांपेक्षा किडा महागात पडला. डेथवॉच बीटल दमट, कुजू लागलेला ओक आतून पोखरतो आणि जोडीदाराला बोलवायला लाकडावर डोकं आपटतो. वास्तुविशारद फ्रँक बेन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तपासणी केली, तेव्हा मोठमोठी लाकडं आतून पोकळ निघाली. 1941च्या बॉम्बहल्ल्यात छपरानं पेटही घेतला. बंबवाल्यांनी कॉमन्सचं सभागृह जळू दिलं, हॉल वाचवला.

भार नेमका कमान पेलते की त्या आखूड तुळया, यावर अभियंते अजून भांडतात. छपरालाच विचारून भांडण मिटवायची सोय आता नाही. 1914 ते 1923 या काळात लाकडाच्या आड पोलादी सांगाडा बसवला गेला. खालून तो दिसत नाही.