वल्हे, गळ आणि आरोग्य

कयाक ही एकट्याने किंवा दोघांनी बसून वल्हवायची अरुंद, हलकी होडी आहे. ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेच्या आर्क्टिक किनाऱ्यावरील इनुइट व अल्यूट लोकांनी ती शिकारीसाठी घडवली. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती तयार होई. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून कयाकच्या शर्यती ऑलिंपिक खेळांत आल्या. आज बहुतेक कयाक पॉलिथिलीनच्या असतात. मासेमारीसाठी त्यांतला रुंद बुडाचा, वरच्या बाजूला उघडी बैठक असलेला प्रकार वापरतात. तो सहसा डगमगत नाही, आत आलेले पाणी भोकांतून आपोआप निघून जाते, आणि होडी उलटलीच तर पाण्यातून पुन्हा वर चढता येते. गळाचा रॉड अडकवायला बाजूला खोबणी असतात.

या होडीला इंजिन नसते. मासे असतील तिथपर्यंत पोहोचायला अंग झिजवावे लागते आणि पोहोचल्यावर गळ टाकून वाट पाहावी लागते. श्रम आणि प्रतीक्षा अशा आलटून-पालटून येतात, आणि या छंदाचे आरोग्याला होणारे बहुतेक फायदे त्यातूनच निघतात.

जालन्याचे पाणी आणि तिथल्या होड्या

जालना जिल्ह्याची ओळख दुष्काळाची असली, तरी लहान होडीला पुरेल इतके पाणी इथे जागोजागी आहे. गोदावरी जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांना लागून वाहते. तिच्यावरील जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी आणि लोणी सावंगी येथील बंधाऱ्यांमागे संथ पाण्याचे लांब पट्टे तयार होतात. बदनापूर तालुक्यात सोमठाण्याजवळ अप्पर दुधना प्रकल्प आहे. लोअर दुधना धरण परभणी जिल्ह्यात सेलूजवळ असले, तरी त्याचे पाणी परतूरच्या बाजूला पसरते. जालना शहराजवळचा निजामकाळातील घाणेवाडी तलाव मात्र पिण्याच्या पाण्याचा आहे. छंदासाठी जागा शोधताना तो बाजूला ठेवणेच योग्य.

कयाकचा छंद जिल्ह्यात अजून रुळलेला नाही. एकट्याने छोट्या साधनावर बसून मासे धरण्याची रीत मात्र इथे जुनी आहे. मराठवाड्यातील भोई समाजाने होडीबरोबरच गुळाच्या गुऱ्हाळातली मोठी काहीलही नदी ओलांडायला वापरली. आता धरणांवर थर्माकोलचा चप्पू दिसतो. थर्माकोलचे ठोकळे बांधून त्यावर मच्छीमार बसतो आणि वल्हवत जाळ्यांपर्यंत जातो. जाळ्यात रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ, वाम असे मासे येतात. बसण्याची पद्धत आणि वल्हवण्याचे श्रम पाहिले, तर चप्पू हा कयाकचा जवळचा नातेवाईक आहे.

शरीराला काय मिळते

शारीरिक हालचालींची तीव्रता मोजण्यासाठी ‘मेट’ हे एकक वापरतात. शांत बसलेल्या शरीराचा ऊर्जाखर्च म्हणजे एक मेट, ढोबळमानाने दर किलो वजनामागे तासाला एक किलोकॅलरी. होडीत बसून मासे धरणे साधारण २ मेटचे काम आहे, काठावर उभे राहून गळ टाकणे ३.५ मेटचे आणि मध्यम गतीने कयाक वल्हवणे ५ मेटचे. तीन ते सहा मेटदरम्यानची हालचाल ‘मध्यम तीव्रतेची’ समजली जाते. यावरून ६० किलो वजनाच्या माणसाचा हिशेब मांडता येतो. तो तासभर वल्हवून पुढे दोन तास बसून गळ सांभाळत असेल, तर पहिल्या तासात सुमारे ३०० आणि उरलेल्या दोन तासांत २४० किलोकॅलरी खर्च होतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. रविवारची एक फेरी यातली तासाभराची भर घालते. उरलेल्या दिवसांत भरभर चालणे किंवा सायकल लागतेच. आठवड्यातून एकदा मासे धरायला गेले की व्यायामाची चिंता मिटली, असे कुणी मानू नये.

वल्हवणे हा हातांचा व्यायाम आहे, असा नवख्यांचा समज असतो. योग्य पद्धतीत पाय पुढच्या आधारावर दाब देतात, धड कमरेतून वळते, आणि जोर पाठीच्या रुंद स्नायूंतून व पोटाच्या तिरक्या स्नायूंतून येतो. हात तो जोर फक्त वल्ह्यापर्यंत पोहोचवतात. त्यामुळे दिवसभर खुर्चीवर किंवा गाडीच्या चाकामागे बसणाऱ्यांचे जे स्नायू आळसावतात, नेमके तेच कामाला लागतात. होडी पाण्यावर सतत किंचित हलत असल्याने मणक्यालगतचे खोल स्नायूही तोल सांभाळण्यात गुंततात.

गुडघ्यांना होणारा फायदा विशेष आहे. धावताना प्रत्येक पावलाचा हादरा गुडघ्यावर येतो, कयाकमध्ये शरीराचा भार बैठकीवर असतो. वजन जास्त असलेल्या किंवा गुडघ्यांची झीज सुरू झालेल्या माणसालाही हृदय आणि फुप्फुसांना पुरेसे काम देणारा हा व्यायाम जमू शकतो. गळ फेकणे, दोरी गुंडाळणे, आमिष लावणे यांत बोटे, मनगट आणि नजर यांचा मेळ बसावा लागतो. उन्हात त्वचेमध्ये ड जीवनसत्त्व तयार होते.

हाती लागलेला मासा हाही आरोग्याचा भाग आहे. रोहूसारख्या माशाच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १६ ते १७ ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी कमी असते. बांगडा किंवा तारलीइतके ओमेगा-३ गोड्या पाण्याच्या माशांत नसते. तरी प्रथिनांचा पचायला हलका स्रोत म्हणून त्यांचे मोल मोठे आहे.

मनाला काय मिळते

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली एक उपपत्ती इथे उपयोगी पडते. हिशेब, परीक्षा, वाहतूक, फोन यांसाठी जाणीवपूर्वक एकवटलेले लक्ष थकते. निसर्गातल्या काही गोष्टी मात्र आयास न देता लक्ष वेधून घेतात आणि त्या वेळात थकलेली क्षमता भरून येते. पाण्यावरची लहर, पाणकावळ्याची बुडी, गळाच्या दोरीची हालचाल या अशाच गोष्टी आहेत. मासा केव्हाही लागू शकतो म्हणून माणूस सावध असतो, पण त्याच्याकडून काही मागितले जात नसते. शिवाय ओले हात आणि भोवतीचे पाणी यांमुळे फोन आपोआप दूर राहतो.

वल्हवण्याची लय श्वासालाही लय देते. मध्यम व्यायामाने मनःस्थिती सुधारते आणि झोप लागायला मदत होते, हे आता चांगले प्रस्थापित आहे. सकाळच्या उजेडाने शरीराचे झोपेचे घड्याळ जागेवर येते. या सर्वांचा परिणाम वेगवेगळा मोजता येत नाही, कारण पाण्यावर ते एकत्रच मिळतात.

इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि मनःस्वास्थ्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. ब्रिटनमधील पुरुषांच्या २०२३ मधील एका सर्वेक्षणातही वारंवार गळाने मासे धरणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य तुलनेने चांगले आढळले. अशा सर्वेक्षणांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. मुळात बऱ्या मनाचा माणूसच घराबाहेर पडत असेल, ही शक्यता उरते.

तरीही या अनुभवाचा उपयोग करून घेणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २००७ मध्ये सुरू झालेली ‘हीरोज ऑन द वॉटर’ ही संस्था युद्धातून परतलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना कयाकवर मासेमारीला नेते. पायांची हालचाल मर्यादित असलेल्या माणसालाही योग्य बैठक मिळाल्यास कयाक स्वतः वल्हवता येते आणि पाण्यावर तो इतरांच्या बरोबरीने फिरतो.

मराठवाड्यात शेतीतील अनिश्चितता आणि कर्ज यांचा ताण मोठा आहे. त्यासाठी राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांना समुपदेशन देणारा ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. नैराश्य हा आजार आहे आणि छंद त्यावरचा उपचार ठरत नाही. झोप उडणे, काहीच नकोसे वाटणे, मरणाचे विचार येणे अशी लक्षणे असतील, तर डॉक्टरांकडे जावे किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. २०२२ पासून ही सेवा मोफत उपलब्ध आहे. उपचार सुरू असताना मात्र पाण्यावरची सकाळ चांगली जोड देऊ शकते.

छंद आणि पोट

तेच पाणी आणि तेच वल्हवणे चप्पूवरच्या मच्छीमाराला हे सारे फायदे देत नाही. त्याला रात्री-पहाटे, थंडी-पावसात जाळ्यांवर जावे लागते. पाय तासन् तास ओले राहतात, त्वचेचे विकार होतात, वाकून जाळे ओढताना कंबर भरते. जाळे रिकामे आले, तर छंदी माणसाचे फार बिघडत नाही, मच्छीमाराचा दिवसाचा रोजगार बुडतो. वाट पाहणे सुखाचे व्हायला घरी परतण्याची मोकळीक लागते. म्हणून त्याच्या आरोग्याचा प्रश्न आधी सुरक्षिततेचा आहे. न उलटणारी होडी आणि लाइफ जॅकेट या त्याच्या पहिल्या गरजा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी व जाळ्यांसाठी साहाय्याची आणि गट अपघात विम्याची तरतूद आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी

जलाशयांवरील मासेमारीचे हक्क बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यामुळे छंदासाठीसुद्धा संस्थेची आणि धरणाच्या व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी. जाळी लावलेल्या भागापासून दूर राहावे.

जालन्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सोयीचा काळ. तेव्हा पाणी भरपूर असते आणि ऊन सोसते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि अनेक तलाव तळ गाठतात. पावसाळ्यात पूर, गढूळ पाणी आणि विजा यांचा धोका असतो. रोहू, कटला यांच्या विणीचा हंगामही तोच. परतीच्या पावसातही ढग गडगडू लागताच काठ गाठावा, कारण उघड्या पाण्यावर बसलेला माणूस हाच तिथला सर्वांत उंच बिंदू असतो.

पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट अंगात असावे, होडीत ठेवलेले कामाला येत नाही. एकट्याने जाऊ नये, परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. धरणांच्या पाण्याखाली जुन्या विहिरी, झाडांची खोडे आणि सोडून दिलेली जाळी असतात, म्हणून पाण्याची माहिती असलेल्या स्थानिक मच्छीमाराला सोबत घ्यावे. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, लेप्टोस्पायरोसिससारखा संसर्ग तिथून शिरतो. टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पिण्याचे पाणी जवळ हवे.

नवख्यांनी पहिल्या काही वेळा अर्धा-पाऊण तासच वल्हवावे. पोक काढून बसल्यास कंबर दुखते आणि वल्हे घट्ट आवळल्यास मनगटाचे स्नायुबंध सुजतात. फक्त हातांनी ओढत राहिल्यास खांद्याला इजा होते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, फिट येण्याचा आजार किंवा खांद्याची जुनी दुखापत असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाण्यावर जावे.