हातावरचा वळ आणि चामड्याचा पट्टा

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, बचत गटाच्या बायकांचा आणि धनुष्यबाणाचा काय संबंध? दोन वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हणालो असतो.

आमच्या सातारा जिल्ह्यात आता पोरांना तिरंदाजी नवी राहिलेली नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळून आले. 2023 मध्ये आपल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी बर्लिनला जागतिक सुवर्णपदक घेतलं. तेव्हापासून गावोगावच्या माळावर गवताच्या पेंढ्या बांधून पोरं-पोरी नेम धरायला लागली. महागडं धनुष्य कुणाकडे असतं? सुरुवात बांबूच्या धनुष्यानेच होते.

एका संध्याकाळी गटातल्या एकीची लेक घरी आली, तर डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत निळा वळ. आईला वाटलं, कुणी मारलं की काय! मारलं होतं दोरीने. उजव्या हाताने दोरी ओढून सोडली की ती जोरात पुढे येते आणि धनुष्य धरलेल्या हाताला चाटून जाते. म्हणून त्या हाताला पट्टा बांधतात. दुकानात मिळणारे पट्टे मोठ्या माणसांच्या मापाचे, पोरींच्या बारीक हातावरून घसरायचे. आम्ही म्हटलं, पिशव्या शिवतो, परकर शिवतो, मग पट्टे का नाही शिवायचे?

पण पट्टा चामड्याचा. बैठकीत हा शब्द निघाला आणि सगळ्या गप्प झाल्या. मग एक म्हणाली, "चामड्याला हात लावायचा? घरचे काय म्हणतील?" आमच्या गटात दोघीजणी चर्मकार घरातल्या आहेत. त्या खाली बघत बसल्या होत्या. त्या वेळची आमची शांतता आठवली की आजही लाज वाटते. शेवटी एका आजींनी तोंड उघडलं. "हलगी चामड्याची, मृदंग चामड्याचा, पायातली वहाण चामड्याची. वापरताना चालतं आणि शिवताना बाटतं होय गं?"

त्या दोघींतली एक मग म्हणाली, "माझे सासरे शिकवतील. पण शिकायला आमच्या दारात यावं लागेल, आणि चहा घ्यावा लागेल." आम्ही दहाजणी गेलो. तिघी आल्या नाहीत. त्यातली एक पुढे आली, दोघी अजून आलेल्या नाहीत. त्यांच्याशी बोलणं आम्ही सोडलेलं नाही.

तिच्या सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी पहिल्या दिवशी हत्यार हातात दिलंच नाही, आधी चामडं ओळखायला शिकवलं. एक चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. त्याला आठवडे लागतात. रंग तपकिरी, वास मातीसारखा, आणि ओलं करून हातावर गुंडाळलं तर वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतं. कोल्हापुरी चप्पल याच चामड्याची. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला सातारा जिल्हाही आहे. दुसरं चामडं कारखान्यात क्रोमच्या क्षारांनी लवकर कमावतात. ते मऊ असतं, पाण्याला टिकतं, पण कापलेल्या कडेला बहुतेक वेळा निळसर-करडी झाक दिसते आणि ते आकार धरत नाही. हाताच्या पट्ट्याला पहिलं बरं. बोटांना लावायच्या टोपणाला मऊ आणि पातळ चामडं बरं. चामडं कुठूनही घ्या, पण पावती घ्या. जनावर कोणतं, माल कुठला, हे कुणी विचारलं तर उत्तर आपल्याकडे हवं.

आता कृती सांगतो. ज्या हाताचा पट्टा, त्याच हाताचं माप घ्यायचं. कोपराच्या घडीच्या दोन बोटं खालून सुरू करून मनगटाच्या वर थांबायचं. कोपर वाकताना पट्टा टोचता कामा नये. वर रुंद, खाली निमुळता असा कागद कापून आधी पोरीच्या हातावर धरून बघायचा. मग दोन ते तीन मिलिमीटर जाडीच्या चामड्यावर कागद ठेवून रापीने कापायचं. कड घासून गुळगुळीत करायची, कारण खरखरीत कडेत दोरी अडकते. गुळगुळीत बाजू बाहेर ठेवायची. भोकं आरीने सारख्या अंतरावर पाडायची आणि मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओवायचा. एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. बांधायला रुंद इलॅस्टिकचे दोन पट्टे पुरतात.

पहिल्या खेपेला आमची फजिती झाली. आषाढातले दिवस, ओले पट्टे वाळेनात, म्हणून आम्ही चुलीजवळ ठेवले. सकाळी ते पापडासारखे कडक, वाकवले की तडकत होते. उरलेले प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, त्यांना बुरशी आली. अण्णा ओरडले नाहीत, नुसते हसले. तेव्हापासून नियम ठरला. चामडं सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं. सुती कापडात ठेवायचं. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसून एरंडेलाचं बोट फिरवायचं, जास्त नाही.

धनुष्याची जबाबदारी गावातल्या एका हौशी आजोबांनी घेतली. त्यांच्याकडून आम्ही शिकलो की बांबू तीन-चार वर्षांचा, पक्का हवा आणि थंडीत तोडलेला हवा. तेव्हा त्यात पिठूळ अंश कमी असतो, भुंगा कमी लागतो. सावलीत वाळवून चिरायचा. बांबूची चकचकीत पाठ नेमाच्या बाजूला ठेवायची आणि तिला तासायचं नाही, कारण सगळा ताण ती पाठ सोसते. तासायचं ते आतून, थोडं थोडं, दोन्ही टोकं सारखी वाकेपर्यंत. बाण न लावता दोरी ओढून सोडली तर धनुष्य फुटतं, हे प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगा. खेळ संपला की दोरी उतरवून ठेवायची. बांबू विकत घेणाऱ्यांसाठी एक माहिती: 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर, म्हणजे आपल्या शेतात लावलेला बांबू कायद्याने झाड धरला जात नाही. जंगलातला बांबू मात्र विचारल्याशिवाय तोडू नका.

एवढं सुरळीत चाललं होतं आणि कार्तिकात माळाच्या कडेला, उसाच्या बांधावर, बिबट्या दिसला. दुसऱ्या दिवशी मैदानावर पोरं होती, पोरी नव्हत्या. घरच्यांनी फक्त पोरींनाच थांबवलं होतं. बिबट्या काय पोरगा-पोरगी बघतो? आम्ही घरोघरी गेलो. नेम धरायची वेळ संध्याकाळी उशिरा होती, ती साडेचार ते सहा केली. दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी घोळक्याने, बोलत-बोलत घरी यायचं. हरवलेला बाण शोधायला कुणी उसात शिरायचं नाही, बाण गेला तर गेला. दोघी आया रोज मैदानावर बसायला लागल्या. पंधरा दिवसांत एक सोडून सगळ्या पोरी परत आल्या.

मैत्रिणींनो, बिबट्या दिसला तर पळू नका, खाली वाकून बसू नका. उभं राहा, मोठ्याने बोला, हळूहळू मागे या. त्याच्याभोवती गर्दी करून मोबाइल काढू नका. ऊस तोडताना पिल्लं सापडली तर उचलू नका, त्यांची आई रात्री न्यायला येते. वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवा. आणि पोरांच्या हातात धनुष्य आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ससा असो, मोर असो की घोरपड, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे. आमच्या मैदानावर नेम फक्त पेंढीवर धरायचा. त्याबदल्यात पोरांनी एक वही ठेवली आहे. मोर, मुंगूस, भारद्वाज, जे दिसेल ते तारीख घालून त्यात लिहितात. बाणाला पिसं लावतात ती घरच्या कोंबड्यांची.

आमचे पट्टे आता शेजारच्या दोन गावांत जातात. पैसे फार नाहीत, पण प्रत्येक पट्ट्यामागे अण्णांच्या घरी शिकवणुकीचे पैसे आधी जातात आणि मग गटाचा वाटा निघतो. ज्यांची विद्या त्यांना पहिला मान, असं आम्ही ठरावात लिहून ठेवलंय.

तुमच्या गटात असं काही करायचं असेल तर आधी गावात चामड्याचं काम जाणणारं कोण आहे ते विचारा, आणि त्यांच्या दारात जा. चहा मिळेल, तो घ्या.