केशबंध आणि खालित्य : लांब केस राखणाऱ्या पुरुषांविषयी

खांद्यापर्यंत केस वाढविलेला, ते मागे घट्ट बांधलेला आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरून केशरेषा मागे सरू लागलेला तरुण रामदासपेठेतील आम्हा चिकित्सकांस आता नवा नाही. २००५ च्या सुमारास धोनीच्या मानेवर रुळणाऱ्या केसांनी जी हौस वाढीस लावली, ती पुढे डोक्यावरील अंबाड्यापर्यंत पोचली. हा रुग्ण वैद्याकडे तेल मागतो, आणि औषधालयात तर थेट भृंगराज तेलाची बाटलीच. त्याचे केस कसे बांधलेले आहेत, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात सांगितलेली संप्राप्ती वाचकांस ज्ञात आहेच : रोमकूपांतील पित्त वातासह केस पाडते आणि त्यानंतर रक्तासह कफ रोमकूपांचा रोध करतो. इंद्रलुप्त, खालित्य व रुज्या ही नावे तेथे एकत्र येतात. खालित्यात केस क्रमाने गळतात, हा भेद वाग्भटांनी दाखविला. पित्तप्रकृतीच्या पुरुषास खालित्य लवकर येते, हे चरकांनी नोंदविले आहे. हे सर्व आतून घडणारे. सतत ओढ बसल्याने गळणारे केस ही याहून निराळी बाब होय. घट्ट केशबंधामुळे होणाऱ्या या विकाराची नोंद १९०७ साली ग्रीनलंडमधील रुग्णांवरून झाली. केसांची घट्ट गाठ बांधणाऱ्या शीख पुरुषांतही तो आढळलेला आहे.

दोहोंतील भेद ओळखणे कठीण नाही. प्रकृतिजन्य खालित्यात दोन्ही कोपरे व टाळूचा मागील भाग विरळ होतो, आणि त्या जागी जाड-बारीक केस मिसळलेले दिसतात. ओढीच्या विकारात जेथे ताण तेथेच विरळता येते. तिच्या पुढच्या कडेला आखूड, कोवळ्या केसांची झालर पुष्कळदा शिल्लक असते. केसांच्या मुळाशी लाली वा बारीक पुटकुळ्या दिसतात. संध्याकाळी गाठ सोडल्यावर डोके हलके वाटते काय, एवढे जरूर विचारावे. बहुतेक तरुणांत दोन्ही कारणे एकत्र असतात, आणि म्हणूनच नुसत्या तेलाने निराशा पदरी येते.

अशा वेळी निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा. तेलाने ओढ कमी होत नाही! केस ओले असताना बांधू नयेत. गाठ टाळूवर न घेता मानेजवळ, सैल, रबराऐवजी कापडी पट्टीने आणि रोज जागा बदलून घ्यावी. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपट्टा व हेल्मेट अपरिहार्य. परंतु उंच अंबाड्यावर हेल्मेट चढविल्यास ओढ दुप्पट होते. दिसण्याचा प्रश्नही गौण मानू नये, रुग्ण त्यासाठीच आलेला असतो. सर्व केस मागे ओढून बसविले की उघडे कोपरे अधिकच उठून दिसतात. त्याऐवजी लांबी हनुवटी ते खांदा यांच्या दरम्यान ठेवून पुढचे केस टप्प्याटप्प्याने कापून घ्यावेत व भांग एका बाजूस सैल पाडावा. कमरेपर्यंतचे विरळ केस टाळू अधिकच उघडी करतात. पेशवाईतील पुरुष कपाळावरचे केस वस्तऱ्याने काढून मागे शेंडी वा घेरा राखीत आणि वर पगडी घालीत. केशरेषा मागे सरली काय नि न सरली काय, कोणास कळणार! आजच्या तरुणास ती सोय नाही.

ताण थांबल्यावर शिरोभ्यंग, नस्य व पित्तशामक आहार यांची योजना करावी. अभ्यंग बोटांच्या अग्रांनी हलका असावा. जोराने चोळल्यास दुर्बल केस तुटतात. साध्यासाध्यता मात्र आधीच सांगावी. नखासारखी तकतकीत वा अग्निदग्धाप्रमाणे निर्लोम झालेली त्वचा वाग्भटांनी असाध्य मानली आहे. वर्षानुवर्षे ओढ सोसलेल्या जागी रोमकूपच नष्ट होतात, हे आधुनिक निरीक्षण त्याच्याशी जुळते. तेथे केस उगवून देण्याचे आश्वासन वैद्याने देऊ नये, औषधालयानेही नाही. एकाएकी वर्तुळाकार चट्टे पडले असल्यास तो इंद्रलुप्ताचा विषय. त्याचे प्रच्छानादी उपचार वेगळे.

केस महिन्यास सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी कपाळाचे व दोन्ही कानशिलांचे छायाचित्र घेऊन ठेवावे आणि तीन महिन्यांनी, त्याच प्रकाशात, गाठ सोडवून पुन्हा घ्यावे. औषधविक्रेत्यांनी बाटली देताना निदान एवढे विचारावे : केस बांधता ते किती घट्ट?