सहा दिवसांचे गणित आणि सातवा दिवस

मराठीत ‘दिवस’ हा शब्द मोठा लवचीक आहे. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ म्हणताना कोणी कॅलेंडर काढून बसत नाही. सुनेला दिवस गेले की नऊ महिने घर तिच्याभोवती फिरते. एखाद्याचे दिवस फिरले तर ते किती वर्षे फिरलेले राहतील, हे ज्योतिषीही सांगू शकत नाही. चोवीस तासांचा दिवस हा त्या शब्दाचा केवळ एक अर्थ.

बायबलच्या पहिल्याच अध्यायावर शतकानुशतके चाललेला वाद नेमका याच शब्दाचा आहे. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, असे तिथे सांगितले आहे. हे दिवस केवढे? आपल्यासारखे चोवीस तासांचे, की एकेका युगाएवढे?

माझी हयात बँकेत गेली. व्याज दिवसांवर आकारायचे, त्यामुळे दिवस मोजण्याची खोड हाडीमाशी भिनलेली. पण खातेवह्यांच्या जमान्यात याच बँकेने दुसराही धडा दिला. ३१ मार्चला ताळा जमेपर्यंत आमची तारीख बदलत नसे. बाहेर दूधवाले फिरू लागलेले असत आणि आत ३१ मार्च चालूच! काम पुरे झाले की दिवस पुरा.

आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलमधल्या वंशावळ्यांची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये, २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी ठरवला. हिशेब नेटका होता. पण त्याआधी हजारभर वर्षांपूर्वीच संत ऑगस्टीन यांनी हे दिवस आपल्या दिवसांसारखे नसावेत, असे सुचवून ठेवले होते. कारण उघड आहे. त्या कथेत सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. मग पहिले तीन दिवस मोजले कशावर? मूळ हिब्रू शब्द ‘योम’ हाही आपल्या ‘दिवसा’सारखाच. दुसऱ्या अध्यायात तो सगळ्या निर्मितीकाळाला मिळून एकदाच वापरला आहे.

आपल्या दारचा दगडही या वादात साक्ष देतो. १९१६ पासून ज्याच्या बोगद्यातून गाड्या जातात, तो कळव्या-मुंब्र्याजवळचा पारसिकचा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. पृथ्वीचे वय तर सुमारे ४५४ कोटी वर्षे. आपल्या पुराणांत ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. दोन आकडे शेजारी ठेवून टाळी वाजवण्याचा मोह होतो; पण रकमा जवळपास जुळल्या म्हणून दोन खाती एक होत नाहीत. तसेच बायबलचे दिवस ताणून युगे केली, तरी सूर्याआधी वनस्पती हा क्रम उरतोच.

मला वाटते, ती कथा कालगणना सांगतच नाही. ती घर मांडते. पहिल्या तीन दिवसांत प्रकाश, आकाश-पाणी आणि जमीन अशा जागा तयार होतात. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने ज्योती, पक्षी-मासे, जनावरे आणि माणूस तिथे राहायला येतात. चोवीस तासांचा आग्रह धरणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र सहज झटकता येत नाही. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी थांब, कारण देवानेही तसेच केले, अशी आज्ञा पुढे दिली आहे. माणसाचा आठवडा तर खऱ्याच दिवसांचा असतो ना?

या प्रश्नाचे उत्तर मला ठाण्यात सापडले. तिथे १८७९ पासूनचे ‘शार हाशमाईम’ हे सिनेगॉग आहे. ते बांधणारे बेने इस्रायल मराठी बोलणारे. त्यांचे पूर्वज कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. ग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रूही विसरली होती. सृष्टीचे दिवस किती तासांचे, हे त्यांना कोणी विचारले नाही. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून ते थांबत. घाण्याचा बैलही थांबे. ती आज्ञा चाकराला आणि जनावरालाही सुटी देते.

त्याच ठाण्यात १८४८ साली जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडले, तेव्हा १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ग्रंथ वेगळा, वार वेगळा, खंडोबाचा. पण मागणी तीच, सात दिवसांतला एक दिवस माणसाचा.

हा लेख तुम्ही वाचताय तोही त्याच सुटीत. डोंबिवलीची लोकल आज तुमच्याविना गेली. पण स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज येत असेल, तर त्या घरात सातवा दिवस अजून सर्वांसाठी उगवलेला नाही.

बायबलमध्ये पहिल्या सहा दिवसांच्या अखेरीस संध्याकाळ आणि सकाळ झाल्याची नोंद आहे. सातव्याच्या अखेरीस ती नाही. तो दिवस लिहिणाऱ्याने मिटवलेलाच नाही. पहिले सहा किती लांबीचे, यावर पंडितांनी खुशाल भांडावे. आपल्या घरात सातवा कोणाकोणाच्या वाट्याला येतो, तेवढे आपण मोजावे.