अपघातानंतरचा हिशेब : जखमी माणसाची किंमत कोण मोजतो?

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी दुपारी भंडाऱ्याहून गोंदियाकडे निघालेली शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यातील डव्वा गावाजवळ, कोहमारा-गोंदिया मार्गावर उलटली. अकरा प्रवाशांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना १० लाख रुपये जाहीर केले. पंतप्रधान मदत निधीतून मृतांच्या वारसांना २ लाख आणि जखमींना ५० हजार रुपये जाहीर झाले. दोन-चार दिवस बातम्या चालल्या आणि मग सगळे शांत झाले.

मृत्यूची बातमी होते, जखमी माणसाची होत नाही. खरे तर त्याचा हिशेब दवाखान्यातून घरी आल्यावर सुरू होतो. आपला तालुका मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे. ट्रक, बस, धानाचे ट्रॅक्टर आणि आपल्या पोरांच्या मोटरसायकली एकाच रस्त्यावर धावतात. म्हणून हा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याला यायला हवा.

बिलात न दिसणारा खर्च

मांडीचे हाड मोडले की ऑपरेशन, रॉड, औषधे आणि एक्स-रे यांचे बिल हातात पडते. पण नागपूर इथून शंभराहून अधिक किलोमीटर आहे. तिथे तपासणीला जायचे तर गाडीभाडे लागते, सोबत एक माणूस लागतो आणि त्या माणसाची मजुरी बुडते. बायको दवाखान्यात बसली तर तिची रोवणीची किंवा कापणीची मजुरी गेली. डव्व्याचा अपघात नोव्हेंबरच्या शेवटी झाला, तेव्हा शेतात धानाची कापणी-मळणी चालू असते. त्या दिवसांत घरातला एक हात मोडला की घरातले दोन-तीन हात अडकतात.

मग बचत गटाचे कर्ज, मायक्रोफायनान्सचा हप्ता, गहाण पडलेले दागिने. मोठ्या मुलीचे कॉलेज थांबते, कारण बापाला उठवायला-बसवायला कुणीतरी घरी हवे. आणि सहा महिन्यांनी कुबडी सुटली तरी गवंड्याला मचाणावर चढता येत नाही. हा सगळा खर्चच आहे. फक्त त्याची पावती नसते.

कायदा हा खर्च मानतो

राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जखमीला कशाकशाची भरपाई मिळायला हवी ते स्पष्ट केले आहे. उपचार, औषधे, प्रवास आणि पौष्टिक आहार, उपचारकाळातील बुडालेली कमाई, कायम अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई, पुढचा उपचार, वेदना आणि जगण्यातला हरवलेला आनंद. सोबत राहणाऱ्या माणसाचा खर्चही मागता येतो, आणि घरच्याच माणसाने सेवा केली म्हणून तो शून्य होत नाही.

याच निकालातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. डॉक्टरने दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या बाबी आहेत. डावा हात गेलेला कारकून आपली नोकरी करू शकेल, पण ड्रायव्हर किंवा सुतार बेकार होईल. म्हणून जखमी माणूस आधी काय काम करत होता आणि आता काय करू शकत नाही, हे पुराव्यानिशी मांडावे लागते.

आकड्यांत पाहू. समजा, २८ वर्षांचा एक गवंडी महिन्याला १२ हजार कमावतो. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात, म्हणजे १६,८०० रुपये. वर्षाचे झाले २,०१,६००. २६ ते ३० वयासाठी गुणक १७ आहे. कमाईचे नुकसान १० टक्के धरले तर भरपाई ३,४२,७२० रुपये होते. तेच ३० टक्के सिद्ध झाले तर १०,२८,१६० रुपये. जखम तीच, पाय तोच. फरक पडतो तो कागदांनी आणि साक्षीने, आणि तो फरक जवळपास सात लाखांचा आहे.

पहिल्या दिवसापासून काय करायचे?

१०८ किंवा ११२ ला फोन करा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. नाव सांगायची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ‘पोलिसांच्या भानगडीत कोण पडेल’ हे कारण आता उरलेले नाही.

मे २०२५ पासून केंद्राची रोखविरहित उपचार योजना लागू आहे. अपघाताच्या तारखेपासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, नेमून दिलेल्या रुग्णालयात उपचार मिळतात. त्यापुढच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करा.

दवाखान्यात नोंद करताना ‘गाडीचा अपघात’ असेच लिहायला सांगा. ‘घरी पडला’ अशी नोंद झाली की पुढचा दावा तिथेच लंगडा होतो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचा नंबर, विम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक बिल आणि प्रवासाची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. मजुरीची पावती नसते, म्हणून ठेकेदाराचे किंवा सोबतच्या मजुरांचे म्हणणे लिहून घ्या. उपचार संपल्यावर अपंगत्वाचा दाखला काढा.

दावा कुठे आणि कधी?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात झाला तिथे किंवा जखमी राहतो तिथेही तो करता येतो. कलम १६६ खाली दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. पाय बरा होईपर्यंत थांबू म्हणणारे इथेच फसतात. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर जखमेसाठी अडीच लाख मिळू शकतात. नुकसान मोठे असेल तर मात्र कलम १६६ चा मार्ग वकिलाशी बोलून ठरवा. धडक देऊन गाडी पळून गेली तरी गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाखांची तरतूद आहे.

गाडीमालक दवाखान्यात येऊन वीस हजार पुढे करतो, ‘मिटवून टाकू’ म्हणतो. सही करण्याआधी वरचा हिशेब आठवा. टक्केवारीवर केस घेणाऱ्या दलालांपासूनही सावध राहा. कारण वकील मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचाही यात समावेश होतो. जातीचा दाखला आपण नोकरी आणि शिष्यवृत्तीसाठी जपतो. तो कोर्टाच्या दारातही चालतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

एक सावधगिरी. थर्ड पार्टी विमा समोरच्यासाठी असतो. स्वतःच्या चुकीने घसरलेल्या चालकाला त्यातून काही मिळत नाही. म्हणून वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेतून काढून ठेवा. शेतकरी कुटुंबाने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेसाठी लगेच कृषी कार्यालय गाठावे. आणि हेल्मेट घालावे.

हे नशीब नाही

२३ ऑक्टोबर १९२९ रोजी चाळीसगावला बाबासाहेबांचा टांगा उलटला. ते पुलाच्या दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, कित्येक दिवस अंथरुणात गेले. अपघात का झाला? अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकणे गावातल्या टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले, म्हणून सवय नसलेल्या आपल्याच माणसाला लगाम धरावा लागला. बाबासाहेबांनी आठवणीत ते नशिबावर ढकलले नाही, कारण लिहून ठेवले.

आपणही ‘नशिबात होते’ म्हणून थांबू नये. प्रत्येक विहारात दोन तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे : वहीत महत्त्वाचे फोन नंबर, कागदांची यादी आणि सहा महिन्यांची तारीख. जखमीच्या घरी भेटीला जाताना फळे जरूर न्या, पण त्याच्या कागदांची पिशवीही उघडून पाहा.

जय भीम.